रेकॉर्डप्लेअरने उगवलेला सूड

मी एक जुना रेकॉर्डप्लेअर आहे, आणि मित्रांनो, मी सूड उगवला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. शाळेच्या निबंधात माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करतात. फाटके पुस्तक करते, मोडकी छत्री करते, गंजलेली सायकल तर रडत रडत करते. त्यांची मने मोठी असतील. माझ्या पेटीत एक मोटर, एक रबरी पट्टा आणि थोडी धूळ आहे. मोठे मन ठेवायला तिथे जागाच नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला आपल्या हातांनी जोडले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. माझी मोटर एका बंद पडलेल्या यंत्रातली, सुई धरणारा हात दुसऱ्याच यंत्रातला, आणि पेटी शेजारच्या सुताराकडे उरलेल्या फळ्यांची. रेकॉर्डच्या मधल्या भोकात जी खुंटी बसते, ती मिस्त्रींनी लेथवर स्वतः कातली. असा मी बारा घरचा गोळा होऊन उभा राहिलो. पण पहिल्यांदा गायलो तेव्हा मिस्त्री स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि नुसते ऐकत राहिले. तसे माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिले नाही.

मिस्त्रींनी रेडिओ सोडून रेकॉर्डचे दुकान काढले आणि मला काउंटरवर बसवले. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना लाकडी खण, मध्ये जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढी वाट. समोरून दुसरा आला की दोघांनी पोट आत घ्यायचे. नव्या-जुन्या सगळ्या रेकॉर्ड तिथे होत्या, आणि त्या सगळ्यांना एकच नियम होता: ऐकल्याशिवाय विकायची नाही. गिऱ्हाइकाने रेकॉर्ड निवडली की मिस्त्री ती माझ्यावर लावत. गिऱ्हाईक घाईत असले तरी लावत. "अहो, चप्पलसुद्धा माणूस पायात घालून बघतो," असे म्हणत आणि त्याच्यापुढे स्टूल सरकवत.

जी रेकॉर्ड फार खरखर करी किंवा एकाच जागी अडकून बसे, ती दाराजवळच्या पेटीत जाई. त्या पेटीला आम्ही खरखरीची पेटी म्हणत असू. त्यातली रेकॉर्ड कुणी मागितली तर जवळजवळ फुकट मिळे, पण मिस्त्री आधी तिचे दुखणे सांगत. ही दुसऱ्या अंतऱ्यात अडते, ही शेवटी बसकी होते, असे. पोरीसाठी आलेल्या स्थळाला तिच्या तब्येतीची खरी माहिती द्यावी तसे ते सांगत, आणि लोक त्याचमुळे त्यांच्यावर विश्वास ठेवत.

मग दिवस पालटले. कॅसेट आल्या, मग चकचकीत सीडी आल्या, मग तर गाणे फोनमध्येच जाऊन बसले. मिस्त्री गेले. दुकान त्यांच्या मुलीकडे आले. गिऱ्हाइके तिला ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो. आजूबाजूचे सगळे तिला सांगत, की बाई, हे भंगार काढ आणि फोनची कव्हरे विक. ताईने खरेच एका कोपऱ्यात कव्हरे ठेवली आणि त्यांच्यावर दुकान जगवले. पण काउंटरवरची माझी जागा तिने हलू दिली नाही. कुणी नसले की एखादी रेकॉर्ड लावायची आणि कव्हरांवरची धूळ झटकायची. ती माझी पडती वर्षे, पण मला त्यांची तक्रार नाही.

आणि मग, मित्रांनो, कुणाच्या ध्यानीमनी नसताना लोक परत आले. तरुण मुले आली, नोकरदार आले, नवरा-बायको जोडीने आले. त्यांना रेकॉर्ड हवी होती. हातात धरता येईल असे, एक बाजू संपली की उठून उलटावे लागते असे गाणे हवे होते. खणांवरची धूळ गेली. वाटेत पुन्हा पोटे आत जाऊ लागली. मी सकाळी सुरू झालो की दुपारी जरा दम खाई. मला वाटले, आता मरेपर्यंत असेच.

त्या गर्दीतच तो आत शिरला. त्याला मी नाव देणार नाही. तो रेकॉर्डला हात लावण्याआधी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून घाले, म्हणून दुकानात सगळे त्याला हातमोजे म्हणत. "आले हातमोजे," असे कुणीतरी पुटपुटे आणि बाकीचे हसू दाबत. तरुणपणी तो मिस्त्रींकडेही येई, म्हणून ताईने त्याला घरच्यासारखे वागवले. कुठली रेकॉर्ड दुर्मीळ, कुठले कव्हर कोणत्या छपाईचे, जुना माल कुठे मिळतो, हे सगळे तिने त्याला भाबडेपणाने सांगितले. तो मान डोलावत ऐके. मग एक दिवस म्हणाला, "ताई, ती खरखरीची पेटी मला द्या. भिंतीवर टांगायला बऱ्या दिसतील." ताईने आनंदाने दिली, वर वर्तमानपत्रात बांधूनही दिली. पुढे ती पेटी भरली की तो येई आणि रिकामी करून नेई.

लवकरच त्याने रस्त्यापलीकडे स्वतःचे दुकान थाटले. काचेचे दार, मंद दिवे, आणि कपाटांत सीलबंद रेकॉर्ड. सीलबंद म्हणजे कंपनीने प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यापासून कुणी उघडलेलीच नाही अशी. संग्राहकांचा त्यावर भारी जीव. सील फोडले की रेकॉर्डचा मान गेला, म्हणून ते ती विकत घेतात, कपाटात ठेवतात आणि पाहुण्यांना दाखवतात. वाजवत मात्र नाहीत. जेवणाचे ताट काचेत ठेवून पोट भरणारी ही माणसे. पण शौक आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

इथवर मी गप्प होतो. धंदा प्रत्येकाने करावा. पण त्याला रस्त्यावर दोन दुकाने नको होती.

माझी एक खोड आहे. मिस्त्रींनी खुंटी कातली तेव्हा तिच्या टोकाला एका बाजूला बारीक कंगोरा राहून गेला. रेकॉर्ड माझ्यावर ठेवताना तो कंगोरा मधल्या कागदी लेबलला, अगदी भोकाच्या कडेला, नखाएवढी चंद्रकोर काढतो. लेबलवर गाणे नसते. त्या खुणेने कुठल्याही सुराचे कधी काही बिघडले नाही. मिस्त्री आणि ताई दोघांनाही ती ठाऊक होती आणि दोघांनीही ती तशीच राहू दिली.

हातमोज्याने नेमकी ती उचलली. संग्राहकांच्या बैठका भरत, तिथे तो आमच्या दुकानातली एखादी रेकॉर्ड नेई, भिंग काढी आणि एकेकाला ती चंद्रकोर दाखवी. "लेबलवर हे करतं, ते गाण्यावर काय करत असेल?" असे विचारी. उत्तर द्यायची गरजच नसे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. थोड्याच दिवसांत शहरातल्या प्रत्येक शौकिनाला माझी खूण पाठ झाली. लोक दुकानात येत, रेकॉर्ड निवडत आणि ताई माझ्याकडे वळली की घाईने म्हणत, "नको नको, त्याच्यावर नको." काही दिवसांनी ते यायचेच बंद झाले.

मला खरवड्या म्हणाले, मित्रांनो. ज्याच्या सुईची धार मिस्त्री दर महिन्याला भिंगाखाली तपासत, त्याला खरवड्या. मी तेव्हाच ठरवले की हा माणूस एकदा माझ्या काउंटरसमोर उभा राहील आणि मी चालू असेन. त्यापलीकडे मला काही नको होते.

ताईने पुष्कळ दिवस तग धरला. मग एका दुपारी तिने मला मागच्या फळीवर उचलून ठेवले आणि फळीवर जागा नव्हती म्हणून माझ्या थाळीवर मनीप्लांटची कुंडी ठेवली. मला तिचा राग आला नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. रोज सकाळी कुंडीतून झिरपलेले पाणी माझ्या खुंटीवरून खाली उतरे. मी ते पीत बसे आणि रस्त्यापलीकडच्या काचेच्या दाराकडे बघे. पट्टा आखडत चालला होता. मला भीती मरणाची नव्हती, त्याच्याआधी मरण्याची होती.

शेवटी ताईने दुकान त्यालाच द्यायचे कबूल केले, खणांतल्या सगळ्या मालासकट. तिच्यापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता. तो मोठ्या मनाने म्हणाला, "हे जुनं मशीन पण राहू द्या. शोभेला ठेवीन, कुंडीसकट." आणि दुकान ताब्यात घ्यायच्या दिवशी त्याने तिथेच संग्राहकांची बैठक बोलावली. जुन्या दुकानात जुन्या मालाचा रुबाब वाढतो, हे त्याला चांगले कळत होते. त्याच बैठकीत तो आपली सगळ्यात दुर्मीळ सीलबंद रेकॉर्ड एका दातांच्या डॉक्टरांना विकणार होता.

दुपारी सगळे जमले. वाटेत उभे राहायला जागा नव्हती. डॉक्टरांबरोबर त्यांची आई होती. तिला पुढे डोळे तपासायला न्यायचे होते, म्हणून सोबत आणली होती. ताईने तिला स्टूल दिले. हातमोज्याने ती रेकॉर्ड देव बाहेर काढावा तशी दोन्ही हातांनी बाहेर काढली. म्हातारीने कव्हर पाहिले आणि तिचा चेहराच बदलला.

"अगंबाई, ही आमच्याकडे होती. घर बदलताना हरवली," ती म्हणाली. "लाव बघू."

डॉक्टर कानकोंडे झाले. "आई, ही वाजवायची नसते. सीलबंद आहे."

"मग काय करायची असते?"

"आजी, सील फोडलं की संपलं सगळं," हातमोजे हसून म्हणाला.

"काय संपलं? गाणं तर अजून सुरूच झालं नाही."

दोघे-तिघे हसले. डॉक्टर म्हणाले, घरी गेल्यावर ऐकू. म्हातारी म्हणाली, "घरी तू कपाटात ठेवशील. आजवर सगळ्या ठेवल्यास." तेव्हा इतका वेळ काउंटरमागे गुमान उभी असलेली ताई बोलली. तिचा आवाज चढला नव्हता.

"संध्याकाळपर्यंत दुकान माझं आहे. इथून रेकॉर्ड ऐकल्याशिवाय विकली जात नाही. ज्याला तशीच विकायची आहे, त्याने बाहेर फुटपाथवर जाऊन विकावी."

हातमोज्याने ओठ दाबून डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर आईकडे बघत होते. आणि त्या दोघांचे बघणे संपायच्या आत म्हातारीने रेकॉर्ड ओढून मांडीवर घेतली, कोपरा तोंडात धरला आणि मुलाने स्वतः बसवून दिलेल्या दातांनी प्लास्टिक टरकन फाडले. हातमोजे पांढरे होतेच, आता त्याचा चेहराही त्यांच्या रंगाला आला.

ताईने कुंडी उचलून खाली ठेवली आणि मला पुन्हा काउंटरवर आणले. ओढणीने माझी थाळी पुसली, पट्टा बोटांनी चोळून ऊबदार केला. मला वायर लागली. मी हललो नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट क्षण. मग ताईने थाळीला हाताने हळूच ढकलले, जसे मिस्त्री थंडीत ढकलत, आणि मोटरने पकड घेतली. मी फिरू लागलो. रेकॉर्ड खुंटीवर बसली आणि बसताक्षणी मी तिला ओळखले. आपल्या दाराशी वाढलेले माणूस पावलांवरून कळते, तशी ती मला कळली.

मला खूप काही करता आले असते. सुई घसरवता आली असती, दचके देता आले असते. पण मग तो म्हणाला असता की बघा, खरवडलीच. म्हणून मी फक्त जसे होते तसे वाजवले. इतके स्वच्छ, इतके प्रामाणिकपणे मी आयुष्यात कधी वाजवले नव्हते. आधी खरखर आली, कढईत पाणी पडल्यासारखी. कोऱ्या रेकॉर्डला खरखर नसते, हे तिथे प्रत्येकाला माहीत होते. माना वळल्या. मग गाणाऱ्या बाईंचा आवाज आला, गोड आणि दुरून. पहिला अंतरा गेला. दुसऱ्या अंतऱ्यात सुई एका जागी पोहोचली आणि अडकली. थांब जरा, थांब जरा, थांब जरा, असे बाई पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या.

ताईने सुई उचलली. रेकॉर्ड काढून लेबल ट्यूबलाइटकडे धरले आणि डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी बघितली, शेजाऱ्याला दिली. शेजाऱ्याने बघितली आणि पुढे दिली. भोकाच्या कडेला नखाएवढी चंद्रकोर. ती कोणाची, हे कुणालाही विचारावे लागले नाही. ते त्याने स्वतः, भिंग हातात देऊन, एकेकाला शिकवले होते.

"कंपनीत कधीकधी असे डाग..." हातमोजे म्हणाला.

"कंपनी ह्या मशीनवर वाजवून पाठवते का?" डॉक्टरांनी विचारले.

"ही तुम्हाला मीच दिली होती," ताई म्हणाली. "खरखरीच्या पेटीतली. भिंतीवर टांगायला."

मग सगळे उघड झाले. तो त्या पेटीतल्या रेकॉर्ड नेई, कव्हरे पुसून चकचकीत करी, दुकानामागच्या खोलीत गरम हवेच्या यंत्राने त्यांना नवे प्लास्टिक चढवी आणि कोऱ्या म्हणून विकी. लेबलवरची खूण त्याला दिसत नव्हती असे नाही. पण सील कोण फोडणार? ज्यांना गाणे ऐकायचेच नसते, त्यांना फसवणे सोपे असते. वर त्याच खुणेवरून मला शहरभर बदनाम करत होता. चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कुठल्या असतात? त्या बोंबा त्याच्याच घशात अडकताना मी पाहिल्या. मला फार बरे वाटले. हे तुमच्या वहीत लिहू नका, पण फार बरे वाटले.

म्हातारीने ती रेकॉर्ड परत माझ्यावर ठेवायला लावली. "अडते तिथे मी म्हणते," म्हणाली. आणि खरेच, सुई अडली की ती पुढची ओळ स्वतः म्हणे आणि ताई बोटाने सुई पुढे सारी. डॉक्टर आईकडे असे बघत होते, जसे तिला गाता येते हे त्यांना आजच कळले.

त्या संध्याकाळी ताईने कागदांवर सही केली नाही, दुकान तिच्याकडेच राहिले. पण माझा सूड तिथे संपला नाही, तिथे सुरू झाला. त्या सगळ्यांच्या घरी कपाटांत त्याने विकलेल्या सीलबंद रेकॉर्ड होत्या. उघडाव्यात तर सील जाणार, न उघडाव्यात तर झोप जाणार. ज्यांनी माझ्याकडे बघून नको नको म्हटले होते, ते एकेक करून काखेत पुडके धरून आले आणि मुकाट्याने स्टुलावर बसले. ताई कात्री देई, मी वाजवी. पुष्कळशा माझ्याच निघाल्या. ते गृहस्थ लेबलकडे बघत, मग माझ्याकडे बघत, आणि मी आपला फिरत राही. गंमत म्हणजे तीच माणसे पुढच्या आठवड्यात ऐकायला म्हणून परत येऊ लागली. वाटेत आता पुन्हा पोटे आत घ्यावी लागतात. फोनची कव्हरे मात्र ताईने अजून काढलेली नाहीत. ती म्हणते, दिवसांचा काय भरवसा.

रस्त्यापलीकडचे काचेचे दार बंद झाले. आणि एक दिवस तो आला. हातात हातमोजे नव्हते. दुकानात आणखी कुणी नव्हते. त्याने पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. प्लास्टिक जुने, पिवळे पडलेले होते. हे त्याचे काम नव्हते. ही त्याने तरुणपणी मिस्त्रींकडून घेतली होती. त्या दिवशी त्याने हट्ट धरला होता की मला कोरीच हवी, वाजवू नका, आणि त्याचा चेहरा बघून मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात एकदाच आपला नियम मोडला होता. त्या सकाळी, तो येण्याआधीच, कंपनीचे खोके माझ्यासमोर उघडले गेले होते. शाळेच्या गणवेशातली ताई काउंटरमागे उभी राहून कात्रीने सुतळी कापत होती. ती रेकॉर्ड माझ्या खुंटीवर कधी चढली नाही. ती निखळ कोरी आहे. हे आज फक्त ताईला आणि मला माहीत आहे.

"ताई," तो म्हणाला, "मिस्त्रींनी दिलेली ही... ही खरंच कोरी होती ना?"

स्वतःच्या हाताने इतकी सीले चढवल्यावर त्याला आता मिस्त्रींचाही भरवसा वाटेना. खाई त्याला खवखवे.

"उघडून बघा," ताई म्हणाली आणि कात्री पुढे सरकवली.

त्याने कात्री उचलली, टोक प्लास्टिकपर्यंत नेले आणि परत ठेवली. कोरी असली तर उघडून तिचा कोरेपणा त्यानेच घालवला असता. नसली तर ज्या एका माणसाने त्याला जीव लावला, तोही त्याच्यासारखाच निघाला असता. मग त्याने रेकॉर्ड पिशवीत घातली आणि गेला.

इथे मला त्याची दया आली, असे सांगितले तर तुमच्या बाई खूश होतील. नाही आली.

मित्रांनो, काळजी घेण्याबद्दल दोन शब्द सांगायची रीत आहे, ते सांगतो. घरात जुनी वस्तू असेल तर ती झाकून ठेवू नका, वापरा. बिघडली तर दुरुस्त करून आणा. रेकॉर्ड असेल तर लावा. अडली तर पुढची ओळ तुम्ही म्हणा. आणि तुमच्या रस्त्यावर आमच्यासारखे एखादे दुकान जीव धरून असेल तर आत जा, बसा, ऐका. ज्याला कुणी ऐकत नाही, त्याच्याबद्दल कुणीही काहीही सांगू शकतो.

तो अजून येतो. कधी पिशवी असते, कधी नसते. दाराशी थांबतो आणि ताईकडे बघतो. एक शब्द, कोरी आहे एवढाच, तिने उच्चारला तर त्याला घरी जाऊन शांत झोप लागेल. ताई काउंटर पुसत राहते. मला तर बोलताच येत नाही. पण आले असते, तरी मी सांगितले नसते.